एक ते सहा

म्हापशाला माझं दुकान, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत,
दुपारी बर्फाचं पाणी पायरीपर्यंत येतं तिथं.
हळदोण्यापासून शिवोलीपर्यंत
आजवर चारशे अकरा कॅमेरे टांगले मी
आणि चारशे अकरांचा पासवर्ड एकच:
एक दोन तीन चार पाच सहा.

लाज वाटत नाही का, म्हणाल.
वाटते. पण ऐका.
घाऊकात तेराशेला पडतो एक.
तेराशेत भिंग बसतं, अंधारात बघणारे दिवे बसतात,
दलालाचं कमिशन आणि चकचकीत खोका.
कुलूप बसत नाही.
खोक्यावरचं नाव दर दिवाळीला बदलतं,
आतला प्रोग्राम तोच, कुणी लिहिला कुणाला ठाऊक,
आणि होडी विकून गेलेला माणूस
भेगेत डांबर भरायला परत येत नाही.

गिऱ्हाईक तर खालून शिडी धरूनच विचारतं, झालं?
मुलाला स्विंडनहून दिसायला हवं, आत्ताच्या आत्ता.
मग मी राउटरला बाहेरच्या अंगानं एक दार पाडतो.
मुलगा येतो त्या दारानं.
दार मुलाला ओळखत नाही, आकडे ओळखतं.
अवघड पासवर्ड दिला की रात्री अकराला फोन,
भाऊ, उघडत नाही.
परत शिडी, परत पेट्रोल, पैसे कुणी देत नाही.

इश्पेरांसबाय टपाल खात्यात होती, तीस वर्षं.
गेल्या बुधवारी म्हणाली, तुझा कॅमेरा मान फिरवतो.
चुलीपाशी गेले की तिकडे, कपाटापाशी गेले की तिकडे.
म्हटलं, बेनी बघत असेल.
बेनी त्या वेळी गोदामात असतो, ती म्हणाली,
फोन आत नेऊ देत नाहीत.

गेलो.
तिनं मला बसायला सांगितलं नाही.
पहिल्या रात्री त्यातून कुणीतरी खाकरलं.
मी विचारलं, जेवलो रे पुता?
तिकडून काहीतरी बोलले, मला कळलं नाही.
मग हसले.
हसणं बेनीचं नव्हतं.

किती दिवस झाले?
नऊ.
मग झाकला का नाहीत?
झाकला होता, उशीचा अभ्रा टाकून.
बेनीचा फोन आला, मम्मा, काही दिसत नाही.
काढला.

शिडीवरून मी तो कॅमेरा बघत होतो
आणि तो मला.
आमच्या मयेला राखणदाराला वर्षाला एक रोट देतात,
तो गावातल्या प्रत्येकाचं पाऊल ओळखतो म्हणतात,
रात्री त्याच्या वहाणा वाजतात.
याला आम्ही काही देत नाही.
हा पाऊल ओळखत नाही. वाजतही नाही.

आधीचा पासवर्ड काय होता, तिनं विचारलं.
सांगितला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, पावसाळ्यात पाकिटांचा डिंक सुटायचा.
उघडी पाकिटं मी पालथी घालून ठेवायचे
आणि वर पितळेचं वजन.
आतलं अक्षर दिसू नये म्हणून.

नवा पासवर्ड तिनं स्वतः घातला.
मला म्हणाली, तोंड तिकडे कर.
मी खिडकीकडे वळलो. बाहेर कुणाची तरी कोंबडी
अळवाखाली माती उकरत होती.
मागं एकेक अक्षर, चष्मा पुसून, परत एकेक अक्षर.

राहिले चारशे दहा.
वही काढून फोन लावतोय तीन दिवस.
निम्मे उचलत नाहीत.
शिवोलीचे एक गृहस्थ हसलेच,
आमच्या घरात बघण्यासारखं आहे काय?
त्यांची मुलगी खाली अंगणात वेणी घालत असते संध्याकाळी,
मला ठाऊक आहे. मीच तो कोन लावून दिला होता.

आज शटर ओढताना वर लक्ष गेलं.
गल्ल्यावर एक आहे, माझा स्वतःचा,
चारशे अकरांत न धरलेला.
अर्धं शटर परत वर केलं
आणि शिडी आणायला आत गेलो.